गाडीचं मागचं डावं दार आतूनही उघडत नाही, बाहेरूनही नाही

मुग्धा_चिपळूण (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. घरची २०१३ सालची हॅचबॅक आहे, पेट्रोल, ९१ हजार किलोमीटर झालेली. मंगळवारपासून मागचं डावं दार उघडेनासं झालंय. सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून आलो तेव्हा उघडलं होतं, लागलंही नीट होतं. मंगळवारी सकाळी बाहेरचं हँडल ओढलं तर काहीच नाही. आत बसून आतलं ओढलं, तरी नाही. बाकी तिन्ही दारं व्यवस्थित.

गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने दोन-चार हिसके दिले आणि सांगितलं की लॉक जाम झालंय, दार बंद असताना आतलं पॅड (दाराच्या आतल्या बाजूचं आवरण) निघत नाही, म्हणून पॅड कापावं लागेल आणि वेळ पडली तर पत्राही. नवा लॉक सेट, नवं पॅड, मजुरी धरून साडेआठ हजार. बाबा म्हणाले राहू दे, तीन दारं आहेत की.

पण आईचा डावा गुडघा फेब्रुवारीत बदललाय. पुढच्या सीटवर तिला पाय लांब करता येत नाही, म्हणून ती मागे बसते. डावीकडून चढली-उतरली की फुटपाथच्या बाजूला असते. उजवीकडून म्हणजे थेट वाहत्या रस्त्यात उतरायचं, तेही काठी टेकत. परवा बाजारात एक रिक्षा तिच्या काठीला घासून गेली. मला ते दार दुरुस्त करायचंच आहे.

दार बंद असताना पॅड काढायला खरंच काही मार्ग नाही का? आणि कापाकापी करण्याआधी काय काय करून बघावं?

ता. क. २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या अंगणात पाणी होतं. दाराच्या खालच्या कडेपासून वीतभर वर चढलं होतं. त्यानंतर गाडी सगळी उघडून धुतली आणि आजवर चालतेय.

चाकोरी (रात्री ९.५२)

पत्रा अजिबात कापू देऊ नका. आधी दुसरीकडे दाखवा.

पावसाळी_ढग (रात्री १०.१५)

मुग्धाताई, मी महाडचा, त्यामुळे २०२१ आमच्याही घरात शिरलं होतं. तुमच्या ता. क. मध्येच उत्तर आहे असं मला वाटतं. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. दाराच्या पोकळीत तो बसला की वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो आणि लॅच (दार धरून ठेवणारी लॉकची यंत्रणा) आतून गंजत जातं. आमच्या गाडीचं दार पुरानंतर दीड वर्षाने असंच घट्ट झालं होतं.

प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छोटी भोकं असतात. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते या भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. पुरानंतर ती गाळाने बुजतात आणि कुणी बघत नाही. दार उघडताना किंवा लावताना आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येत असेल तर भोकं बुजलीच म्हणून समजा. सायकलच्या तारेने मोकळी करायची. कोकणात प्रत्येकाने मे महिन्यात हे करावं.

तुमचं लॅच गंजलं असणार. फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मारा.

सांगलीकर_बाळू (रात्री १०.३१)

आमच्या मावसभावाच्या वरातीत नवरदेवाच्या गाडीचं दार उघडलं नव्हतं. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव मानपानासाठी अडून बसलाय, त्यांनी आणखी जोरात सुरू केलं. वीस मिनिटं दारात नाच चालला आणि आत नवरदेव हातवारे करतोय. शेवटी दुसऱ्या बाजूने उतरवला. फुलांच्या माळेची तार हँडलच्या फटीत अडकली होती, एवढंच.

तुमच्या हँडलमध्ये काही अडकलं नाही ना, ते उजेडात एकदा बघा ताई.

रेवा७ (रात्री १०.४८)

मी नागपूरची. माझ्या गाडीचं पुढचं दार गेल्या उन्हाळ्यात असंच अडकलं. कारण निघालं सेंट्रल लॉकिंगची मोटर. प्रत्येक दारात लॉकजवळ एक लहान मोटर असते आणि तिच्यात प्लॅस्टिकचे दाते. ते झिजले की मोटर अर्ध्यावर थांबते. मग लॉक धड उघडंही नाही, धड बंदही नाही.

माझ्या मेकॅनिकने जे केलं ते करून बघा. एकाने रिमोटचं बटण लॉक-अनलॉक, लॉक-अनलॉक असं सतत दाबायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी लॅच असेल तिथे आतून पॅडवर मुठीने ठोकायचं, तिसऱ्याने हँडल ओढून धरायचं. सातव्या-आठव्या वेळी खट्‌कन उघडलं. एकदा उघडलं की दार पुन्हा लावायचं नाही, पण तशा उघड्या दाराने गाडी चालवायचीही नाही, मेकॅनिकला तिथेच बोलवून मोटर बदलून घ्यायची.

गॅरेजवाले_नाना (रात्री ११.२०)

मुग्धा, मी कराडला ३४ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. दारं मी शेकड्याने उघडली आहेत आणि बंद दार उघडायला पत्रा एकदाही कापला नाही. अपघातात चेपलेल्या गाडीची गोष्ट वेगळी.

उपाय सांगायच्या आधी तीन गोष्टी बघून मला सांग.

बाहेरचं हँडल ओढताना हाताला कसं लागतं? नेहमीसारखा जोर लागतो, की रिकामं, ढिलं येतं? आतलं हँडल कसं लागतं? आणि रिमोट दाबला की त्या दाराचा काचेजवळचा नॉब बाकीच्या नॉबसारखा पूर्ण वर-खाली होतो का? नॉब वर आल्यावर बोटाने दाबून बघ, तो मध्येच अडकलेला नाही ना.

हे कळल्याशिवाय लॅच गंजलं की मोटर गेली, हे कुणीच सांगू शकणार नाही. हँडल म्हणजे दाराची नाडी. ती बघायला दोन मिनिटं लागतात, आणि ती न बघता साडेआठ हजार सांगणं मला पटत नाही.

मुग्धा_चिपळूण (रात्री ११.४४)

नाना, आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आले.

बाहेरचं हँडल एकदम ढिलं. शेजारच्या पुढच्या दाराचं ओढून बघितलं, तिथे जोर लागतो. इथे काहीच लागत नाही, सोडलं तर नुसतं परत जातं. आतलं हँडलही ढिलंच. नॉब मात्र इतर तिन्हींसारखाच टक्‌ करून पूर्ण वर येतो आणि खाली जातो. बाळूदादा, फटीत काही अडकलेलं नाही, तेही बघितलं.

पावसाळी_ढग (रात्री ११.५१)

दोन्ही हँडलं एकदम ढिली? दोन्ही एकाच दिवशी कशी तुटतील? म्हणूनच मी म्हणतो दोष लॅचमध्ये आहे. दोन्हींचा शेवट तिथेच होतो.

गॅरेजवाले_नाना (रविवार, सकाळी ६.५०)

ढगभाऊ, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, पण उत्तर वेगळं आहे. लॅच गंजून अडकलं की हँडल ढिलं होत नाही, उलट दगडासारखं होतं. तुम्ही ओढता, ते ओढ पोचवतं, पुढे लॅच हलत नाही, म्हणून सगळा विरोध हाताला कळतो. ढिलं हँडल म्हणजे ओढ लॅचपर्यंत पोचतच नाही. आणि नॉब पूर्ण वर-खाली होतोय, म्हणजे रेवाताईंची मोटरही ठीक आहे.

आता दाराच्या आत काय असतं ते सगळ्यांसाठी लिहितो. मागच्या दाराचं लॅच दाराच्या मागच्या कडेला, चाकाच्या बाजूला असतं. गाडीच्या खांबावर इंग्रजी यू सारखी लोखंडी कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लावलं की लॅचची जीभ या कडीला मिठी मारते. ही मिठी दोन टप्प्यांत असते. पहिल्या टप्प्याला अडकलं तर दार लागल्यासारखं दिसतं पण खडखडतं, दुसऱ्याला पूर्ण बसतं. मिठी सोडवायला दोन वाटा. बाहेरच्या हँडलपासून एक लोखंडी रॉड लॅचपर्यंत उतरतो. आतल्या हँडलपासून केबल येते, काही गाड्यांत तिथेही रॉड. दोन्ही वाटा वेगळ्या आणि शेवटी लॅचच्या दोन वेगळ्या पट्ट्यांना जोडलेल्या.

बाहेरचा रॉड त्या पट्टीला प्लॅस्टिकच्या क्लिपने धरलेला असतो. नखाएवढी क्लिप. दहा-बारा वर्षांत ऊन-पाऊस खाऊन ती ठिसूळ होते, एक दिवस तुटते आणि रॉड निसटतो. त्याच क्षणी हँडल ढिलं. हे मी खूप वेळा पाहिलंय.

मग आतलं का ढिलं? ढगभाऊ म्हणतात तसं, दोन्ही एकाच दिवशी तुटणं अवघड. तुटलीच नसतील. माझा प्रश्न असा: मुग्धा, त्या दाराचं आतलं हँडल तू किंवा घरच्या कुणी शेवटचं कधी वापरलं होतं? सोमवारच्या आधी, कधीही?

भौतिकमास्तर (सकाळी ७.३०)

नानांचं वाचून बरं वाटलं. मी एक निराळी गोष्ट नोंदवतो. मुग्धाताईंचे बाबा म्हणाले, तीन दारं आहेत की. माझं मत आहे की न उघडणारं दार ही सुरक्षेची बाब आहे आणि ती पुढे ढकलू नये.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मुंबईत लोक गाडीत अडकून गेले. पाण्यात दार का उघडत नाही, याचं गणित मी वर्गात मुलांना करायला देतो. दार १ मीटर रुंद धरा आणि बाहेरचं पाणी दाराच्या तळापासून अर्धा मीटर वर. आत अजून पाणी नाही. अर्धा मीटर खोलीवर सरासरी दाब पाव मीटर पाण्याचा, क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. बाहेरून दारावर जोर येतो साधारण १२५ किलो वजनाइतका. रस्त्यावर उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत पाणी, आणि दारावर दोन माणसं बाहेरून टेकून उभी. त्यात काचा विजेवर चालणाऱ्या असतील आणि वायरिंगमध्ये पाणी गेलं असेल तर काचही खाली येत नाही.

म्हणून पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं की गाडी पुढे न्यायची नाही. काचा लगेच खाली घ्यायच्या आणि बाहेर पडायचं. काच फोडायचा हातोडा हाताच्या अंतरावर ठेवायचा, डिकीत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचं. समोरची काच दोन थरांची, मध्ये चिकट पडदा असलेली असते, ती तडकते पण फुटून पडत नाही. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच येतात. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, आपल्या गाडीचं एकदा वाचून ठेवा.

चाकोरी (सकाळी ७.४१)

मास्तर, +१. हातोडा आज डिकीतून काढून पुढे ठेवला.

फियाटप्रेमी (सकाळी ८.०५)

आमच्या वडिलांकडे डुक्कर फियाट होती. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागे. चालत्या गाडीत दार सुटलं तर वारा ते आणखी उघडणार. म्हणून आजी आम्हाला दारापासून हातभर लांब बसवायची. पुढे पद्मिनी आली. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ला गेली त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. तिचं दार लावताना जो भरीव आवाज यायचा तो आताच्या दारांना नाही.

कामाचं सांगतो. मुग्धाताई, तुमच्या मागच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत का? असतील तर पॅड काढताना ते फिरवायचं हँडल आधी काढावं लागतं. लोक तिथे स्क्रू शोधत बसतात. स्क्रू नसतो, मागे घोड्याच्या नालासारखी तारेची स्प्रिंग असते. जुन्या बनियनची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, हँडल आणि पॅडच्या मध्ये सरकवा, आणि बूट पुसतात तशी डावी-उजवीकडे ओढत हळूहळू वर न्या. स्प्रिंग कापडात अडकून बाहेर येते. उडून हरवते, म्हणून खाली एक चादर अंथरा. हे पद्मिनीच्या काळापासून चालत आलंय आणि अजून चालतं.

अनघा_टोरांटो (सकाळी ८.२२)

इकडे कॅनडात दार न उघडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: बर्फ. दाराचं रबर ओलं राहतं आणि रात्री उणे वीसमध्ये दाराला चिकटून गोठतं. नवीन आलेली आपली मुलं हँडल ओढून ओढून तोडतात, किंवा किटलीतून गरम पाणी ओततात. गरम पाणी कधीही ओतू नका. काच तडकते, आणि तेच पाणी दहा मिनिटांत गोठून आणखी घट्ट करतं. दार ओढायच्या ऐवजी आधी खांद्याने आत दाबायचं, चारी कडांनी. रबरावरचा बर्फ कडकड मोडतो, मग उघडतं. हिवाळा सुरू होण्याआधी रबर पुसून त्याला सिलिकॉन स्प्रे लावला की पूर्ण मोसम त्रास नाही.

चिपळूणला हे लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या इकडच्या मंडळींसाठी लिहून ठेवते. मुग्धा, आईंना लवकर आराम पडो.

मुग्धा_चिपळूण (सकाळी ९.१५)

नाना, तुमचा प्रश्न घरात सगळ्यांना विचारला आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

आतलं हँडल कुणीच वापरत नाही. त्या बाजूला नेहमी आई बसते, आणि गाडी थांबली की बाबा उतरून, पलीकडून येऊन तिचं दार बाहेरून उघडून देतात. गुडघ्याच्या आधीपासून. गाडी घेतली तेव्हापासून. आई म्हणाली, मी त्या हँडलला कधी हातच लावला नाही.

मागच्या काचा हाताने फिरवायच्याच आहेत, फियाटप्रेमी. बनियन तयार आहे.

गॅरेजवाले_नाना (सकाळी ९.२८)

मग ऐक. २०१३-१४मध्ये घरात लहान मूल होतं का? त्या दाराचा चाइल्ड लॉक लागलेला असणार.

मागच्या दाराच्या कडेला, लॅचच्या जवळ एक छोटा खटका असतो. तो एका बाजूला केला की आतलं हँडल लॅचपासून सुटतं, म्हणजे मुलाने कितीही ओढलं तरी दार उघडत नाही. तेव्हा आतलं हँडल ढिलंच लागतं. कुणीतरी तो खटका लावला, मूल मोठं झालं, खटका तसाच राहिला. दार रोज बाहेरूनच उघडत असल्यामुळे कुणाला कळायचं कारण नव्हतं. आता बाहेरच्या रॉडची क्लिप तुटली आणि दोन्ही वाटा बंद झाल्या. दार बंद असताना खटका दिसत नाही, तिथे हात पोचत नाही. म्हणून लॉक जाम झाल्यासारखं वाटतं. लॉक चांगलं आहे.

मुग्धा_चिपळूण (सकाळी ९.३३)

माझा भाचा! २०१४ला चार वर्षांचा होता आणि वरंध घाटात त्याने चालत्या गाडीचं दार उघडायचा प्रयत्न केला होता. ताईने घाबरून त्याच दिवशी खटका लावला. भाऊजींनाही आठवतंय.

रेवा७ (सकाळी ९.४०)

नाना, नमस्कार तुम्हाला. मी आत्ता खाली जाऊन आमच्या दोन्ही मागच्या दारांचे खटके तपासले. एक लागलेला निघाला. आमच्याकडे मूल नाही, गाडी जुनी घेतलेली आहे.

गॅरेजवाले_नाना (सकाळी १०.०५)

आता पॅड काढायचं. बंद दाराचं पॅड निघतं, फक्त जागा करून घ्यावी लागते.

पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकव. मागच्या सीटची बैठक काढ, बहुतेक गाड्यांत ती पुढच्या कडेला वर उचलली की सुटते, नाहीतर एखादा बोल्ट असतो. ती निघाली की पॅडचा खालचा भाग मोकळा दिसतो. काच पूर्ण वर ठेव, खाली असली तर दाराच्या पोकळीत हात जायला जागा राहत नाही. फियाटप्रेमींच्या युक्तीने काचेचं हँडल काढ. मग आतल्या हँडलच्या वाटीत एक स्क्रू असेल, झाकणाखाली लपलेला, आणि हात धरायच्या जागी एक किंवा दोन. ते काढ.

उरतात कडेच्या प्लॅस्टिक क्लिपा. खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात. स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळ नाहीतर चरे पडतील. एकेक क्लिप सुटेल, ठप्‌ असा आवाज येईल. दोन-चार तुटतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नको, बाजारात सुट्या मिळतात. शेवटी पॅड वर उचललं की काचेच्या कडेवरून सुटतं.

मागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला असेल. तो फाडायचा नाही, मागच्या कोपऱ्यातून हळू सोलायचा आणि नंतर जसाच्या तसा दाबून लावायचा. तो नीट लागला नाही तर पावसाचं पाणी गाडीत पायाशी येतं आणि लोकांना कारण सापडत नाही.

हातात जाड मोजे घाल. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मागच्या वरच्या भोकातून हात घातला की बाहेरच्या हँडलपासून उतरणारा रॉड लागेल. तो लोंबत असेल. तो जिथे जायला हवा होता ती लॅचची पट्टी शोध, नॉब वर आहे याची खात्री कर आणि लांब स्क्रू ड्रायव्हरने पट्टी दाब, रॉड ज्या दिशेने ढकलायचा त्याच दिशेने. दार उघडेल.

एकटी करू नको. कुणाला तरी बरोबर घे.

कुर्ला_टू_कळंबोली (सकाळी १०.४०)

नानांनी सगळं सांगितलंच आहे. एक भर: पुढच्या दाराचं पॅड काढायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून पाच-दहा मिनिटं थांबा. काही गाड्यांत पुढच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो.

आणि क्लिपसाठी कंपनीच्या काउंटरवर गेलात तर पूर्ण लॉक सेट घ्यायला सांगतात, सुटी क्लिप मिळत नाही असं उत्तर येतं. सुट्या भागांच्या दुकानात रॉडची जाडी सांगा, तिथे मिळते. मुंबईत असाल तर कुर्ल्याला भंगारातल्या दाराचं अख्खं लॅचही मिळून जातं.

मुग्धा_चिपळूण (दुपारी १.५५)

अडकलोय. शेजारचे दादा मदतीला आलेत, ते इलेक्ट्रिशियन आहेत. बनियनची युक्ती पहिल्याच झटक्यात चालली. स्क्रू तिन्ही निघाले. पुढच्या आणि खालच्या क्लिपा सुटल्या. पण पॅडची मागची कड खांबाच्या रबरामागे अडकलीय, बोटसुद्धा जात नाही. ओढलं तर पॅड वाकतंय, तुटेल अशी भीती वाटते. गॅरेजचा मुलगा कदाचित याच कारणाने कापायचं म्हणत असावा.

गॅरेजवाले_नाना (दुपारी २.०२)

थांबा, ओढू नका. ते रबर दारावर नाही, गाडीच्या चौकटीवर आहे. चौकटीच्या पत्र्यावर नुसतं दाबून बसवलेलं असतं, गोंद नाही, स्क्रू नाही. वरच्या कोपऱ्यापासून धरा आणि आपल्याकडे ओढा, पूर्ण निघेल. खांबावरचं प्लॅस्टिक आड येत असेल तर तेही जरा सैल करा. बोटभर जागा होते, तेवढी पुरते.

पावसाळी_ढग (दुपारी २.१०)

मी पण इथेच बसून आहे. कळवा.

मुग्धा_चिपळूण (दुपारी ३.२०)

उघडलं!!!

रबर काढल्यावर पॅड पाच मिनिटांत निघालं. कागद सोलला, दादांनी हात घातला आणि पहिलं वाक्य म्हणाले, रॉड मोकळा आहे. नाना, तुम्ही कराडला बसून सांगितलं होतं तसाच लोंबत होता. क्लिपचा अर्धा तुकडा रॉडला आणि अर्धा दाराच्या तळाशी. मोबाइलच्या उजेडात पट्टी दिसली, दादांनी स्क्रू ड्रायव्हरने दाबली आणि मी बाहेरून दार धरलं होतं ते हातात आलं. कडेला बघितलं तर खटका लागलेलाच.

लॅचला गंज नाही, फक्त ग्रीस वाळून काळं पडलंय. पण ढगदादा, तुमचंही बरोबर निघालं. खालची दोन भोकं पूर्ण बुजलेली होती. वाळलेला गाळ निघाला, वाटीभर. चार वर्षं पुराची माती आम्ही दारात घेऊन फिरत होतो. आईने ती तुळशीत घातली नाही, नदीकडे नेऊन टाक म्हणाली.

क्लिप दुकानात १५ रुपयांना मिळाली. दोन घेतल्या. पॅडच्या क्लिपा पाच तुटल्या, त्यांचे ५० रुपये.

सांगलीकर_बाळू (दुपारी ३.२६)

वाजवा रे बँड!

भौतिकमास्तर (दुपारी ३.४०)

कुठे साडेआठ हजार आणि कुठे ८० रुपये. लक्षणांवरून कारण कसं शोधायचं, हे मुलांना शिकवायला नानांचे तीन प्रश्न मी उद्या वर्गात घेणार आहे.

पावसाळी_ढग (दुपारी ४.०५)

अभिनंदन. नाना, एक शिकलो: गंजलं तर घट्ट, सुटलं तर ढिलं. आता लॅचवर तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे मारून ठेवावा ना?

गॅरेजवाले_नाना (सायंकाळी ५.१५)

साफ करायला मारा, वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३मध्ये बनवलेलं. नावातच ते आहे, पाणी हटवायचा चाळिसावा प्रयोग. घाण सोडवतं, ओल घालवतं, पण पातळ असल्यामुळे लॅचसारख्या घासणाऱ्या भागावर फार दिवस टिकत नाही. काही लोक इंजिन ऑइल सोडतात, त्यावर धूळ बसून चिखल होतो. स्प्रेने धुऊन, फडक्याने कोरडं करून लॅचच्या जिभेला आणि स्ट्रायकरला पांढरं लिथियम ग्रीस बोटभर लावा. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नको, तिथे ग्रॅफाइटची पूड.

मुग्धा, दार लावायच्या आधी दोन्ही हँडलं तपास. दार उघडं ठेवूनच स्क्रू ड्रायव्हरने लॅचची जीभ दाबून बंद कर, आणि मग आतल्या-बाहेरच्या दोन्ही हँडलने ती सुटते का बघ. सुटली तरच दार लाव. नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि उरलेल्या तीन दारांच्या क्लिपाही त्याच वयाच्या आहेत. पावसाळ्याआधी बदलून घे.

मुग्धा_चिपळूण (रात्री ८.३०)

तपासूनच लावलं, नाना. खटका काढून टाकलाय. संध्याकाळी आईला घेऊन वाशिष्ठीच्या पुलापर्यंत चक्कर मारली. परत आल्यावर बाबा सवयीने उतरून पलीकडे जात होते, तोवर आईने आतून दार उघडलं आणि पाय बाहेर ठेवून बसली होती. बाबांनी काठी हातात दिली.

बाकी दारांच्या क्लिपा पुढच्या रविवारी. दादा येतो म्हणालेत. ढगदादा, भोकं तिन्ही दारांची करणार आहे, तारेची जाडी किती ठेवू?

पावसाळी_ढग (रात्री ८.४१)

सायकलचा स्पोक पुरतो. टोक घासून बोथट करा, नाहीतर आतला रंग खरवडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.